स्वतंत्र ख्रिस्ती गायकांची गाणी वाजवणारा पॉडकास्ट सुरू करायचाय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की माइक आहे, सहा गायकांची यादी आहे, नाव पण ठरलंय, आणि एक मित्र म्हणतो की गाणं तीस सेकंदच लावलं तर परवानगी लागत नाही. आधी ते तीस सेकंदांचं डोक्यातून काढा. ते सगळीकडे ऐकू येतं पण ऐकीवच आहे, त्याच्या भरवशावर शो उभा राहत नाही. आणि समजा राहिला तरी तीस सेकंदांत गाणं कळतं का? एखादी मुलगी स्वतःच्या खोलीत बसून सहा महिने एका गाण्यावर काम करते आणि आपण त्याचा तुकडा लावून पुढे जायचं, हे मला पटत नाही. गाणं लावायचं तर पूर्ण लावायचं आणि विचारून लावायचं.

मी आणि माझी मैत्रीण चार वर्षं असा शो करतोय, पंधरा दिवसांनी एक भाग, प्रत्येक भागात तीन किंवा चार गाणी. त्या अनुभवावरून सांगते, माइक, सॉफ्टवेअर, लोगो हे सगळं नंतरचं. ज्यांची गाणी लावणार त्यांचा विश्वास हेच आपलं भांडवल, आणि तो परवानगी मागण्यापासूनच सुरू होतो, म्हणून मी तिथेच जास्त लिहिणारे.

एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात हे नीट समजून घ्या. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, आणि दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. गायक स्वतंत्र आहे, कुठल्या कंपनीशी करार नाही, म्हणजे दोन्ही हक्क त्याचेच असणार असं आपण धरून चालतो, पण शब्द पाळकांनी लिहिलेले असतात, चाल मित्राची असते, मागचं संगीत कोणाकडून तरी विकत घेतलेलं असतं आणि त्या विक्रीच्या अटीत पॉडकास्ट बसत नसतो. रेडिओचं उदाहरण लोक देतात, की रेडिओवाले कुठे प्रत्येक गायकाला विचारतात. रेडिओ स्टेशनकडे प्रसारणाचा एकत्रित परवाना असतो. आपला भाग लोक डाउनलोड करून ठेवतात, म्हणजे गाण्याची प्रत त्यांच्याकडे जाते, म्हणून नुसत्या प्रसारणाच्या परवानगीवर भागत नाही. चर्चकडे गाण्यांचा परवाना असेल तर तोही इथे चालेल असं समजू नका, तो चर्चच्या उपासनेपुरता असतो, वेगळ्या संगीताच्या शोसाठी नाही.

कव्हर गाण्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तुमच्या यादीतल्या गायकाने एखादं प्रसिद्ध आराधनागीत आपल्या आवाजात गायलं असेल तर रेकॉर्डिंग त्याचं, रचना त्याची नाही. ते कव्हर त्याने रीतसर परवाना घेऊन गाण्यांच्या ॲपवर विक्रीला ठेवलं असेल तरी तो परवाना त्याच्यापुरता, आपल्या शोला तो लागू होत नाही. आम्ही सुरुवातीलाच ठरवलं की कव्हर लावायचंच नाही, फक्त स्वतः रचलेली गाणी किंवा खरोखर जुनी स्तोत्रगीतं, आणि त्या निर्णयाने आमचं निम्मं काम वाचलं.

'खरोखर जुनी' हे मात्र तपासायचं, अंदाजाने नाही. अमेझिंग ग्रेसचे शब्द जॉन न्यूटनचे, १७७९ मध्ये छापले गेलेत, आज जी चाल आपण ओळखतो ती त्या शब्दांना १८३५ मध्ये जोडली गेली, ते आता सगळ्यांचं झालंय, त्यावर कोणाचे हक्क उरलेले नाहीत. पण कोणी त्यात नवीन कोरस घातला असेल तर तो कोरस नवा, त्याचे हक्क नवे. उलट हाऊ ग्रेट दाऊ आर्ट ऐकताना शेकडो वर्षं जुनं वाटतं, आणि मूळ स्वीडिश कविता १८८५ चीच आहे, तरी इंग्रजी शब्द स्टुअर्ट हाइन यांचे १९४९ चे आहेत आणि त्यावर अजून हक्क आहेत. भाषांतराचा हक्क मूळ गीतापेक्षा वेगळा असतो, हे आपल्यासारख्या भाषांतरित गीतं गाणाऱ्या लोकांनी तर लक्षात ठेवायलाच हवं. बायबलच्या वचनांचंही तसंच, नवीन भाषांतरांवर प्रकाशकाचे हक्क असतात, दोनचार वचनं वाचायला सहसा हरकत नसते पण अख्खा अध्याय वाचणार असाल तर अटी बघून घ्या.

क्रिएटिव्ह कॉमन्सची गाणी, म्हणजे रचणाऱ्याने काही अटींवर सगळ्यांना वापरायला आधीच मोकळी दिलेली गाणी, वापरायची असतील तर कुठला परवाना आहे ते अक्षर अन् अक्षर वाचा. काहींमध्ये व्यावसायिक वापर चालत नाही, म्हणजे पुढे तुम्ही जाहिरात घेतलीत की ते गाणं अडचणीत येतं. काहींमध्ये फेरफार करून वाटायला मनाई असते. श्रेय मात्र जवळपास सगळ्यांतच द्यावं लागतं.

आता मेल कसा लिहायचा. आमचा साधारण असा असतो, हवा तर घ्या: "तुमचं अमुक गाणं आम्हाला पॉडकास्टच्या एका भागात पूर्ण वाजवायचं आहे. शब्द, चाल, मागचं संगीत आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क तुमच्याकडेच आहेत का, की अजून कोणाला विचारावं लागेल? भाग जगभर ऐकता येईल, डाउनलोड करता येईल आणि कायम उपलब्ध राहील. गाण्याची मालकी तुमचीच राहील, आम्ही ते वेगळं वाटणार नाही. पुढे शोला जाहिरात मिळाली तर तुम्हाला चालेल का तेही कळवा. कधीही काढून टाका म्हणालात तर आठवड्याच्या आत काढू." एवढंच. वकिली भाषा नको, पण यातला एकही मुद्दा गाळू नका, आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर "अरे लावा की, देवाचंच काम आहे" म्हणाले तरी फोन ठेवल्यावर मेल टाका आणि त्यावर हो घ्या. प्रत्येक गाण्याची वेगळी नोंद ठेवा, कुठलं गाणं, कोणी, कधी हो म्हटलं.

हे "देवाचंच काम आहे" वाक्य आपल्याच लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं, की भक्तिगीत आहे, त्याची कसली परवानगी आणि कसले हक्क. मला हे ऐकून वाईट वाटतं. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे असं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायात येशू स्वतः सांगतो. गायकाने स्वतःहून फुकट दिलं तर ती त्याची देणगी, अमेरिकन ख्रिस्ती गायक कीथ ग्रीनने १९८० मध्ये रेकॉर्ड कंपनीच्या करारातून मोकळं होऊन आपला अल्बम ज्याला जेवढं जमेल तेवढं द्या म्हणून वाटला, पण तो त्याचा निर्णय होता. त्याच्या वतीने आपण ठरवायचं नसतं.

लेखी हो चा उपयोग आम्हाला दुसऱ्याच वर्षी कळला. भाग आम्ही एका व्हिडिओ साइटवर पण टाकतो, तिथल्या ऑटोमॅटिक यंत्रणेने एक गाणं ओळखलं आणि आमच्या भागावर हक्काचा दावा आला. गायिकेची पूर्ण परवानगी होती. झालं असं होतं की तिने गाणं ॲपवर टाकताना वितरकाच्या, म्हणजे गाणी ॲपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर एक खूण केली होती आणि त्यामुळे ते गाणं कोणीही वापरलं की आपोआप दावा लागत होता, तिला स्वतःला हे माहीत नव्हतं. आमच्याकडे तिचा मेल होता, तिने वितरकाला कळवलं, दावा निघाला. तेव्हापासून आम्ही आधीच विचारतो की गाणं अशा यंत्रणेत नोंदलंय का, असेल तर आमचा चॅनल त्यातून वगळायला सांगाल का. आणि यासाठीच सांगते, गाण्यांचे शो ऑटोमॅटिक तपासणीत अडकतात, तेव्हा परवानग्यांची फाइल एका क्लिकवर सापडली पाहिजे.

आवाजाबद्दल. गायकाकडून वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेली मूळ फाइल, मागा, ॲपवरून उतरवलेलं किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं गाणं लावू नका, ते आधीच दाबलेलं असतं आणि आपण परत एमपी३ केलं की झांजा फाटक्या वाटतात. पॉडकास्टसाठी एपलची शिफारस उणे १६ एलयूएफएसच्या आसपास आवाजाची पातळी ठेवा अशी आहे (एलयूएफएस म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा). मास्टर झालेलं, म्हणजे शेवटचा हात फिरवून तयार केलेलं गाणं बरेचदा उणे ९-१० ला येतं आणि आपलं बोलणं उणे २० च्या आसपास, म्हणून ऐकणारा बोलताना आवाज वाढवतो आणि गाणं सुरू झालं की दचकतो. गाण्यावर कुठलाही कॉम्प्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारं साधन) न लावता नुसतं खाली आणा, बोलणं वर आणा. एक्स्पोर्ट करताना स्टीरिओ आहे ना ते बघा, पॉडकास्टच्या बऱ्याच सेटिंग बोलण्यासाठी मोनो केलेल्या असतात आणि त्यात गाण्याचा जीव जातो. १२८ केबीपीएसच्या खाली जाऊ नका, १९२ असेल तर छान, चाळीस मिनिटांचा भाग साधारण ५८ एमबीचा होतो. माइक जो आहे तोच चालेल, खोलीत पडदे, गाद्या, कपड्यांचं कपाट असेल तिथे बसा.

गाण्यावर बोलू नका. सुरुवातीच्या संगीतावर नाही आणि शेवटावर तर अजिबात नाही. चौथ्या भागात एका मुलीचं गाणं होतं, गिटार आणि आवाज, बाकी काही नाही. शेवटची तार विरते, खुर्ची करकरते आणि लांबून कोणीतरी हळू काहीतरी पुटपुटतं. मला वाटलं रेकॉर्डिंगमध्ये गडबड राहिलीये, मी तार विरायच्या आत फेड केलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, "ताई, भाग आवडला, पण शेवटी माझ्या आजोबांचं आमेन होतं ते गेलं. ते खोलीत बसले होते, गाणं संपल्यावर त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, म्हणून तर मी तो टेक ठेवला." मी त्याच रात्री भाग परत एडिट करून फाइल बदलली. हेडफोन लावून ऐकलं तर अगदी स्पष्ट आमेन आहे, थरथरतं, जरा उशिरा आलेलं. आता कुठल्याही गाण्याची एक सेकंदही कापायची असेल तर मी आधी विचारते.

नाव गाण्याआधी सांगा आणि गाण्यानंतर परत सांगा, कारण लोक मधूनच ऐकायला लागतात आणि गाणं आवडल्यावरच त्यांना नाव हवं असतं. नावाचा उच्चार गायकाकडून व्हॉइस नोटवर मागून घ्या. भागाच्या माहितीत प्रत्येक गाणं कितव्या मिनिटाला आहे आणि कुठे विकत घेता येईल ते लिहा, चॅप्टर, म्हणजे थेट त्या गाण्यावर जाता येईल अशा खुणा, टाकता आले तर अजून छान.

निवडीबद्दल माझं मत जरा ठाम आहे. फक्त आनंदाची, टाळ्यांची गाणी घेऊ नका. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यात रडणारी, देवाला जाब विचारणारी किती आहेत बघा, ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. मोठ्या रेडिओ स्टेशनवर अशी गाणी क्वचित लागतात, आणि स्वतंत्र गायक मात्र तीच लिहितात, आजारपणाची, शंकेची, न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेची. आम्हाला सगळ्यात जास्त मेल अशाच गाण्यांवर आलेत, रात्री दोनला लिहिलेले. चर्च कुठलं, पंथ कुठला यावरून आम्ही गाळत नाही, शब्द वाचतो आणि मनापासून आलंय का ते ऐकतो. जे नाही घेतलं त्यांनाही उत्तर देतो, दोन ओळी का होईना.

मुलाखत घेणार असाल तर एक सांभाळा. साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगताना माणूस भरभरून बोलतो, व्यसन, नवरा-बायकोतलं, घरच्यांबद्दल, आणि नंतर घरी जाऊन त्याला वाटतं की हे नको होतं. तो भाग टाकायच्या आधी त्याला ऐकवा आणि जे काढ म्हणेल ते निमूट काढा.

बाकी तांत्रिक सोपं आहे. होस्टिंग, म्हणजे भाग ठेवायची ऑनलाइन जागा, घेताना आरएसएस फीड (ज्यावरून सगळ्या ॲपना नवीन भाग कळतात ती लिंक) आपल्या ताब्यात राहील आणि उद्या दुसरीकडे हलवता येईल एवढं बघा. शोच्या मुखपृष्ठाचं चित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेलमध्ये. वर्ग निवडताना एपलकडे संगीत पण आहे आणि धर्म-अध्यात्मात ख्रिस्ती असा पोटवर्ग पण आहे, दोन्ही लावा. आणि तीन भाग पूर्ण तयार झाल्याशिवाय पहिला टाकू नका, कारण परवानगीचं उत्तर यायला कधी दोन दिवस लागतात कधी दोन महिने, आणि हातात काही नसलं की माणूस घाईत न विचारता गाणं लावतो.

तुमच्या यादीतल्या सहापैकी दोघं कव्हर गातात म्हणालात, त्यांना त्यांचं स्वतःचं एखादं गाणं आहे का विचारा, बहुतेकांकडे असतं, कोणी विचारलेलं नसतं. उरलेल्या चौघांना मेल आजच टाका. कोणाचं उत्तर अडलं किंवा एखाद्या जुन्या गीताचे हक्क कळत नसतील तर खाली कमेंटमध्ये लिहा, मी रोज बघते.