आधी गार, मग एकदम बंद

प्रश्न : जुन्या सिंगल डोअर फ्रिजचा आर-१३४ए (फ्रिजचा गॅस) वाला कॉम्प्रेसर काढून प्रोसेसरसाठी तांब्याचा ब्लॉक गार करणारी सिस्टीम घरीच बनवलीय. सुरू केली की ब्लॉक मस्त उणे २० पर्यंत जातो, पण थोड्या वेळाने तापमान चढायला लागतं, कॉम्प्रेसर चालूच असतो. अर्धा तास बंद ठेवली की पुन्हा गार! मेकॅनिक म्हणतो गॅस कमी पडलाय. भरू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नका भरू. गॅस कमी असता तर पहिल्यापासूनच कूलिंग अर्धवट झालं असतं, बंद करून चालू केल्यावर दुरुस्त झालं नसतं. तुमच्याकडे बहुतेक कॅपिलरीच्या, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी बर्फ होतोय. सिस्टीममधला थेंबभर ओलावा गॅसबरोबर फिरतो, कॅपिलरी जिथे ब्लॉकमध्ये शिरते तिथे गोठतो आणि वाट बंद. बंद केल्यावर वितळतो, की पुन्हा तेच.

खात्री करायची तर कूलिंग थांबल्यावर सक्शनचं (कॉम्प्रेसरकडे गॅस परत येतो त्या बाजूचं) प्रेशर गेज बघा, काटा व्हॅक्यूमकडे गेला असेल. मग कॅपिलरीच्या त्या टोकाला हेअर ड्रायरने ऊब द्या. 'सूं' असा आवाज येऊन ब्लॉक परत गार व्हायला लागला तर ओलावाच, दुसरं काही नाही. तरीही काही फरक पडला नाही तर मात्र कचऱ्याने चोक झालेली कॅपिलरी शोधा.

ओलावा आला कुठून? आर-१३४ए च्या कॉम्प्रेसरमध्ये पीओई (पॉलिओल एस्टर) हे सिंथेटिक ऑइल असतं आणि ते हवेतलं पाणी भराभर ओढतं, त्यामुळे पाइप कापून रात्रभर उघडे ठेवले असतील तर तिथेच घोळ झाला. शिवाय बरेच जण दुसऱ्या फ्रिज कॉम्प्रेसरनेच व्हॅक्यूम मारतात, साध्या गेजवर काटा खाली टेकलेला दिसतो म्हणून समाधान मानतात, पण ओलावा आतच राहतो.

गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनवाल्याकडून काढून घ्या. फिल्टर ड्रायर (सिस्टीममधला ओलावा शोषणारा भाग) नवीन टाका, जुना भिजलेला आहे. पाइपमधून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग (पाइपांचे सांधे जोडणं) करा, मग टू-स्टेज पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूमचं माप, आकडा जितका कमी तितका व्हॅक्यूम चांगला) खेचा, व्हॉल्व्ह बंद करून थोडा वेळ काटा चढतो का बघा, आणि गॅस वजन करूनच भरा.

आणि हो, पावसाळ्यात २७ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता असली की साधारण २४ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही भागावर घाम सुटतो, म्हणजे हवेतलं पाणी जमतं. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती, बोर्डाच्या मागच्या बाजूलाही नायट्राइल फोम घट्ट लावा, फट ठेवू नका, नाहीतर सिस्टीम दुरुस्त होईल आणि मदरबोर्ड जाईल.