पुन्हा तपासणी करा, पण ठेव मोडू नका

ताई, तुमचा मुलगा अडीच वर्षांचा असताना तपासणी झाली आणि ‘ऑटिझम म्हणता येत नाही, बोलणं उशिरा येतंय’ असं लिहून मिळालं. आता तो साडेचार वर्षांचा आहे आणि वर्गातल्या बाईंनी पुन्हा दाखवायला सांगितलंय. पूर्ण तपासणीला तुमचा दीड महिन्याचा घरखर्च लागेल, त्यासाठी बँकेतली ठेव मोडावी का, असं तुम्ही पत्रात विचारलंय. यजमान म्हणतात, तेवढ्यात कितीतरी स्पीच थेरपी होईल. सासूबाई म्हणतात, एकदा ‘नाही’ आलंय, आता कशाला उकरून काढायचं?

माझं मत: तपासणी करा. ठेव मात्र मोडू नका, आणि थेरपी एक आठवडाही थांबवू नका.

ऑटिझम रक्त तपासून कळत नाही. मुलाला खेळताना-बोलताना पाहून आणि आईवडिलांकडून सगळी हकिकत ऐकून तज्ज्ञ ठरवतात. तज्ज्ञ निदानासाठी जे डीएसएम-५ नावाचं पुस्तक वापरतात, त्याच्या २०१३च्या निकषांतच म्हटलंय की लक्षणं लहानपणापासून असली, तरी चारचौघांत वावरण्याचा ताण मुलाच्या कुवतीबाहेर जाईपर्यंत ती पुरती दिसतीलच असं नाही. घरी तुम्ही त्याचं न बोलताच ओळखता, वर्गात कोण ओळखणार? तुम्ही लिहिलंय, ‘पाणी हवंय का?’ विचारलं की तोही ‘पाणी हवंय का?’ म्हणतो आणि तुमचा हात ओढतो. जुन्या अहवालात हे येणारच कसं, तेव्हा तो बोलतच नव्हता! एवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही, पण नव्याने पाहायला हे पुरेसं आहे.

यजमानांचं अर्धं बरोबर आहे. थेरपीसाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही. पण अडचण उच्चारांची आहे की संवादाची, हे कळलं नाही तर तीच फी वर्षभर भलत्याच कामावर जाते. माझ्या हिशोबात तपासणीचा खरा परतावा तो.

आता पैसे. आधी जुन्या तज्ज्ञांना फोन करा. जुना अहवाल धरून फेरतपासणी होते का, की सगळं पहिल्यापासून? फीमध्ये लेखी अहवाल, तो समजावून सांगण्याची बैठक आणि शाळेसाठीचं पत्र धरलंय का? (माझ्याकडे गुंतवणुकीचा सल्ला घेणाऱ्या एका जोडप्याला अहवालाचे पैसे वेगळे पडतात हे शेवटच्या दिवशी कळलं.) ऐकण्याची तपासणी झाली नसेल तर ती सगळ्यात आधी.

सहा महिने थांबावं लागेल असं तुम्हाला सांगितलंय. नाव आजच नोंदवा. त्याच्या उच्चशिक्षणासाठी तुम्ही दरमहा घरखर्चाच्या पाव भागाएवढी रक्कम गुंतवता, ती सहा महिने इकडे वळवा. बरोबर दीड महिन्याचा खर्च जमतो. गुंतवणूकदाराला ‘थांबवा’ सांगणं माझ्या जिवावर येतं, पण कॉलेजला अजून तेरा-चौदा वर्षं आहेत.

ठेवीला हात लावू नका म्हणते, कारण तपासणीचा खर्च एकदाचा, थेरपीचा दरमहा. निदान आलं तर ठेव तेव्हा लागेल. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणत कुणी पॅकेज विकायला आलं, तर मात्र तिच्यातला छदामही नाही.

तोवर तो मुलांमध्ये खेळतानाचे छोटे व्हिडिओ काढून ठेवा आणि बाईंकडून त्यांना नेमकं काय दिसलं ते लिहून घ्या. याला पैसे पडत नाहीत, आणि तपासणीच्या दिवशी तो गप्प बसला तर हेच उपयोगी पडेल.