घरचा फोन इंटरनेटवर नेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या लँडलाइनचे बिल दर महिन्याला वाढत चालले आहे. मुलगी परदेशी असल्याने त्यातला मोठा वाटा तिला केलेल्या फोनचा असतो. इंटरनेटवरून चालणारा फोन घेतला तर हा खर्च बराच कमी होईल, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मात्र सासूबाईंना मोबाइल वापरता येत नाही आणि दुपारी त्या घरी एकट्याच असतात. जुना फोन आणि जुना नंबर कायम ठेवून हा बदल करता येईल का? — एक वाचिका

उत्तर : जुना फोन ठेवून करता येईल आणि खर्चही घटेल; जुना नंबर नवीन सेवेकडे नेता येतो का, हे मात्र कंपनीला आधी विचारावे. तरीही सासूबाई दुपारी एकट्या असतात, या आपल्या पत्रातील वाक्याकडे मी सर्वाधिक लक्ष देणार आहे, कारण पुढचे बरेचसे निर्णय त्यावरच ठरवावे लागतील.

आधी पैशांचे पाहू. पारंपरिक पद्धतीत एक फोन लागला की त्याच्यासाठी सेकंदाला ६४ किलोबिट क्षमतेचा मार्ग बोलणे संपेपर्यंत राखून ठेवला जाई, मग दोन्ही बाजूंचे लोक गप्प बसले असले तरीही. इंटरनेट फोनमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून आकड्यांत बदलला जातो, त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे केले जातात आणि हे तुकडे इतर सर्व माहितीबरोबर एकाच वाटेने पुढे जातात. मार्ग अडवून ठेवावा लागत नाही आणि अंतराचा खर्चावर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच दोन्ही टोकांना एकच सेवा असेल तर मिनिटागणिक काहीच आकार पडत नाही. पण मुलीच्या नेहमीच्या नंबरवर फोन केला, तर तो तिच्यापर्यंत पोहोचवणारी तिकडची कंपनी आपला आकार घेते आणि तो आपल्या बिलात उतरतो. त्यामुळे कोणतीही योजना घेण्यापूर्वी मागील काही बिले समोर ठेवून पैसे नेमके कोणत्या नंबरांवर खर्च झाले ते पाहावे. बहुतेक खर्च एकट्या मुलीच्या फोनचा असेल, तर तिच्याशी मोबाइलवरील ॲपमधून बोलणे पुरेसे ठरेल आणि सासूबाईंच्या लँडलाइनला हात लावण्याची गरजच उरणार नाही. माझ्या मते आपल्या घरासाठी हाच पर्याय आधी तपासावा.

एवढे करूनही लँडलाइनच बदलायची ठरली, तर जुना फोन चालू ठेवण्यासाठी त्याला इंटरनेटशी जोडणारा ॲडॉप्टर मिळतो. त्याच्या रुंद खाचेत राउटरकडून येणारी नेटची केबल जाते आणि अरुंद खाचेत फोनची नेहमीची वायर. फोन बटणांचा असेल तर तो तसाच चालतो. गोल तबकडी फिरवायचा असेल तर अनेक ॲडॉप्टरना त्याचे डायलिंग समजत नाही, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. घरातील सर्व खोल्यांत फोन वाजावा म्हणून काही जण ॲडॉप्टरची वायर भिंतीतल्या जुन्या फोनच्या खाचेत जोडतात. बाहेरून येणारी कंपनीची तार घरातील वायरिंगपासून पूर्णपणे सोडवलेली नसेल, तर असे कदापि करू नये, कारण त्या तारेतील वीज ॲडॉप्टर जाळू शकते.

ती वीजच या बदलातला खरा फरक आहे. तांब्याच्या तारेवरील फोनला एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा होतो आणि एक्स्चेंजमध्ये त्यासाठी बॅटऱ्या असतात, म्हणून घरातले दिवे गेले तरी असा साधा फोन सुरू राहतो. इंटरनेट फोनला मात्र मोडेम, राउटर आणि ॲडॉप्टर या सगळ्यांना घरातलीच वीज लागते. फोन चालू ठेवण्याची जी जबाबदारी आजवर एक्स्चेंजकडे होती, ती आता आपल्या घराकडे येते. या सर्व उपकरणांना एक छोटा यूपीएस लावावा आणि नंतर एखाद्या दिवशी मुद्दाम मेन स्विच बंद करून रिसीव्हर उचलावा, टोन ऐकावा, एक फोन लावून पाहावा आणि किती वेळाने टोन बंद पडतो ते घड्याळात पाहून लिहून ठेवावे. यूपीएसच्या खोक्यावर छापलेल्या वेळेपेक्षा हा आकडा अधिक भरवशाचा असतो. परिसरातले नेटच बंद पडले तर मात्र यूपीएसचाही उपयोग होत नाही, म्हणून सासूबाईंच्या हाताशी मोठ्या बटणांचा एक साधा मोबाइल असावाच. त्यावरून घरातल्या एका व्यक्तीला फोन लावणे त्यांना शांतपणे, पुन्हा पुन्हा करून दाखवावे.

आणीबाणीच्या नंबरचेही तसेच आहे. लँडलाइन एका पत्त्याला बांधलेली असते. इंटरनेट फोन कुठेही नेऊन जोडता येतो, त्यामुळे मदत केंद्राला आपला पत्ता आपोआप कळेलच असे नाही, आणि काही सेवांत तर हे नंबर लागतच नाहीत. कंपनीकडून याचे उत्तर लेखी मागावे, सोय असल्यास पत्ता नोंदवावा आणि घर बदलल्यास तो त्याच दिवशी बदलून घ्यावा. तोच पत्ता ठळक अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही चटकन सांगता येत नाही.

जुन्या नंबरविषयी एकच सूचना : तो नवीन सेवेकडे जाईपर्यंत जुनी लाइन स्वतःहून बंद करू नये. लाइन बंद झाली की नंबरही हातचा जाऊ शकतो. प्रथम नवीन सेवा तात्पुरत्या नंबरवर घ्यावी, काही आठवडे सासूबाईंनाच ती वापरू द्यावी आणि त्यांची तक्रार नसेल तरच नंबर हलवण्याचा अर्ज करावा. अर्जातील नाव व पत्ता बिलावर आहे तसाच असावा. त्या काळात दोन बिले भरावी लागतील, पण हा खर्च वाचवू नये.

प्रश्न : आमचे नेट वेगवान आहे, तरीही संध्याकाळी इंटरनेट फोनवर आवाज तुटतो. अजून वेगवान योजना घ्यावी का? — एक वाचक

उत्तर : बहुधा नाही. नेहमीच्या दर्जाच्या एका कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट एवढाच वेग पुरतो. आवाज अधिक आवळणाऱ्या, म्हणजे कमी माहितीत बसवणाऱ्या, पद्धतींत त्याहूनही कमी. बोलण्यासाठी वेगापेक्षा नियमितपणा महत्त्वाचा असतो. आवाजाचे सेकंदाला ५० तुकडे येतात. ते सारख्या अंतराने आले नाहीत किंवा काही वाटेतच हरवले, तर शब्द तुटतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांत पोहोचला, तर बोलणाऱ्यांना उशीर सहसा जाणवत नाही. त्यापुढे माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

नेमका दोष शोधण्यासाठी तुटलेला आवाज कोणाला ऐकू येतो ते पाहावे. आपल्याला समोरचे नीट ऐकू येते पण त्यांना आपला आवाज तुटक येत असेल, तर अडथळा घरातून बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. संध्याकाळी घरातल्या मोबाइलवरचे फोटो आपोआप अपलोड होऊ लागले, की बाहेरची वाट भरून जाते आणि आवाजाचे तुकडे राउटरमधील रांगेत खोळंबतात. अनेक राउटरमध्ये फोनला प्राधान्य देण्याची सोय असते; ती सुरू करून ॲडॉप्टरचे नाव त्यात घालावे आणि अपलोडची कमाल मर्यादा नेटच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवावी, म्हणजे ही रांगच लागत नाही. फोन वायफायवर असेल तर केबलने जोडून पाहावे. नव्या उपकरणाविना होणारा हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. फोन लागतो, पण एकाच बाजूला आवाज येतो, अशी तक्रार असेल तर राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ हा, इंटरनेट फोनच्या संदेशांत वाटेत फेरफार करणारा, पर्याय बंद करून पाहावा.

एक अपवाद सांगायला हवा. आपले नेट भूस्थिर उपग्रहावरून येत असेल, तर तो उपग्रह विषुववृत्तापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथवर जाऊन परत येण्यातच आवाजाचा जवळजवळ पाव सेकंद जातो. हा उशीर कोणत्याही सेटिंगने कमी होत नाही.

प्रश्न : इंटरनेट फोनच्या बिलात आम्ही कधीच न केलेले परदेशी फोन आले आहेत. हे कसे घडले? — एक वाचक

उत्तर : आपल्या फोन खात्याचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला असण्याची दाट शक्यता आहे. कमकुवत पासवर्ड असलेली खाती शोधणारे प्रोग्रॅम नेटवर अखंड फिरत असतात, आणि असे खाते सापडले की त्यातून महागड्या दराच्या परदेशी नंबरांवर, बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, फोन लावले जातात. त्या नंबरांवरील उत्पन्नातला वाटा फसवणाऱ्याला मिळतो. आजच कंपनीला लेखी कळवून परदेशी फोन बंद करून घ्यावेत. त्यानंतर खात्याचा, ॲडॉप्टरचा आणि राउटरचा असे तीनही पासवर्ड बदलावेत. ॲडॉप्टरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बहुतेक घरांत तसाच राहतो आणि घात तिथेच होतो. परदेशी सोय पुन्हा हवी असेल, तर ज्या देशात आपली माणसे आहेत तेवढ्याच देशांसाठी ती सुरू करावी. आगाऊ रक्कम भरण्याची योजना घेऊन शिल्लक आपोआप भरली जाण्याची सोय बंद ठेवल्यास नुकसान शिल्लक रकमेपलीकडे जात नाही.

प्रश्न : घरातील फॅक्स आणि चोरीचा अलार्म लँडलाइनला जोडलेले आहेत. ते चालतील का? — एक वाचिका

उत्तर : फॅक्सचा भरवसा धरू नये. आवाज आवळण्याच्या पद्धती माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेल्या असतात आणि फॅक्सचे सूर त्यातून अनेकदा बिघडतात. सेवा आणि ॲडॉप्टर दोन्ही ‘टी.३८’ ही इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत मानत असतील तरच प्रयत्न करावा. अलार्मच्या बाबतीत मात्र प्रयोगावर विसंबू नये. तो बसवणाऱ्या कंपनीला फोन बदलण्यापूर्वीच कळवावे, इंटरनेट किंवा मोबाइल जाळ्यावर चालणारा जोड बसवून घ्यावा आणि त्यांच्याशी आधी बोलून अलार्म एकदा प्रत्यक्ष वाजवून संदेश केंद्रापर्यंत पोहोचल्याची खात्री करावी. आजारी व्यक्तीच्या गळ्यातील मदतीचे बटण लँडलाइनवर चालत असेल, तर त्यालाही हेच लागू आहे, आणि ही चाचणी होईपर्यंत जुनी लाइन सोडू नये.