घराजवळ हवा मोजणारं केंद्र नसेल, तर उपग्रहावरून प्रदूषण कळतं का?

तुम्ही विचारलंय की जालन्यात घर औद्योगिक वसाहतीला लागून आहे, जवळ मोजणी केंद्र नाही, तर मुलांच्या छातीत किती धूर जातो हे उपग्रहावरून काढता येईल का. वर्षभराचा अंदाज नक्की काढता येतो आणि तो कामाचा असतो. आज सकाळी शाळेच्या वाटेवर हवा कशी होती, हे मात्र त्यातून कळणार नाही.

कारण उपग्रह पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल शिरणारे अगदी बारीक कण, मोजतच नाही. जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतल्या कणांनी उन्हाचा प्रकाश किती अडवला, तेवढंच तो सांगतो. याला एओडी म्हणतात. आपण श्वासात घेतो तो त्यातला अगदी तळाचा थर. मराठवाड्यात हा फरक फार जाणवतो. डिसेंबरच्या पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि भट्ट्यांचा, शेकोट्यांचा, पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर तिच्यातच कोंडतो. मे महिन्यात तापलेली हवा धुरळा पार वर उचलून नेते. एओडी दोन्ही दिवशी सारखा दिसू शकतो, पण छातीत जाणारे कण सारखे नसतात. म्हणून त्या थराची उंची, दमटपणा आणि वारा यांचे आकडे सोबत घ्यायचे आणि जिथे केंद्र आहे तिथल्या मोजणीशी ताळा करायचा. मुंबईच्या मोजणीवर बसवलेलं सूत्र जालन्याला जसंच्या तसं लावू नका. तिथली दमट हवा वेगळी, इथला कोरडा धुरळा वेगळा.

पावसाळ्यात ढगांमुळे बरेच दिवस माहितीच मिळत नाही. मिळालेल्या दिवसांची नुसती सरासरी काढली, तर पावसाने धुतलेले महिने गळतात आणि वर्षाचा आकडा फुगतो. आधी महिन्यामहिन्याची सरासरी काढा, मग त्या सरासऱ्यांची वर्षाची सरासरी काढा.

जळणाचा धूर शोधायचा असेल तर सेंटिनेल-५पी उपग्रहाचं नायट्रोजन डायऑक्साइड बघा. तो २०१७ पासून फिरतोय. पण त्याची एक चौकट, म्हणजे नकाशातला एक ठिपका, साधारण साडेतीन बाय साडेपाच किलोमीटरची असते, त्यात तुमची गल्ली वेगळी दिसणार नाही. एओडी एक किलोमीटरच्या चौकटीत मिळतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक कुठे राहतात ते धरा. समजा, एका चौकटीत दर घनमीटर हवेत पीएम २.५ चे ३० मायक्रोग्रॅम आणि १० हजार माणसं, दुसरीत ७० आणि ९० हजार. नकाशाची सरासरी ५० येते, माणसांची संख्या धरून काढलेली ६६. माझ्या मते शहराच्या अहवालात हा दुसरा आकडाच छापायला हवा. पीएम २.५ ची भारतातली वार्षिक मर्यादा ४० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची ५.

घरात चूल असेल तर तिचा धूर यात धरलेला नाही, तो वेगळा मोजावा लागतो.

जालना, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही शहरं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहेत. तुमचा नकाशा तयार झाला की महानगरपालिकेकडे न्या आणि जिथे धूर आणि वस्ती दोन्ही दाट दिसतात, तिथे पुढचं मोजणी केंद्र लेखी मागा.