स्पेन, विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये: वाचकांचे प्रश्न

सुट्टीत स्पेनला जायचं म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. किमती आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी त्या त्या ठिकाणच्या अधिकृत साइटवर एकदा नजर टाकाच.

प्रश्न: मी जर्मनीत आखेनला एमएस करतो. मार्चमध्ये दहा दिवस मोकळे आहेत. माद्रिद, कोर्दोबा, सेविया, ग्रानादा आणि बार्सिलोना करायचा विचार आहे. सगळ्या रात्री काउचसर्फिंगवर (म्हणजे ऑनलाइन ओळख काढून स्थानिकांच्या घरी फुकट राहून) काढल्या तर राहण्याचा खर्च शून्यावर येईल का?

येणार नाही, आणि तसा हट्टही धरू नका. दहापैकी तीन-चार रात्री कुणाकडे सोय झाली तरी चांगलं जमलं म्हणायचं. बाकीच्या रात्रींसाठी हॉस्टेलच्या डॉर्ममधली, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतली, खाट धरून चाला. मार्चमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी साधारण २० ते ३५ युरोंत ती मिळते. शुक्रवार-शनिवारी भाव चढतात, आणि सेवियात ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे ‘सेमाना सांता’त, ते दुप्पट-तिप्पट होऊ शकतात. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, ती आधी बघा. १५ ते १९ मार्चला वालेन्सियात फायास उत्सव असतो, तिथेही हीच गत.

काउचसर्फिंगची मूळ साइट मे २०२० पासून सदस्यांकडून शुल्क घेते. बीवेलकम आणि ट्रस्टरूट्स या दोन विनामूल्य आहेत. तिथे यजमान कमी, पण जे आहेत ते मनापासून पाहुणे घेणारे.

नकार किंवा मौन पदरी पडतं ते बहुतेक वेळा विनंतीच्या मजकुरामुळे. एकच मजकूर वीस जणांना चिकटवलेला यजमानाला पहिल्या ओळीत कळतो. त्याची प्रोफाइल पूर्ण वाचा. कित्येक जण त्यात मुद्दाम एखादा शब्द पेरून ठेवतात आणि विनंतीत तो दिसला नाही तर पुढे वाचतच नाहीत. विनंती सात ते दहा दिवस आधी पाठवा. महिनाभर आधी त्यांचंच काही ठरलेलं नसतं आणि आदल्या दिवशी फार उशीर झालेला असतो. दोनच रात्री मागा. कोणत्या गाडीने, किती वाजता पोचणार, त्या शहरात काय बघायचंय, त्यांच्या प्रोफाइलमधल्या कोणत्या गोष्टीवर बोलायला आवडेल, एवढं सात-आठ ओळींत लिहा. एका वेळी तीन-चार जणांना विचारा आणि एकाचा होकार आला की बाकीच्यांना लगेच कळवा.

माद्रिद-बार्सिलोनातल्या यजमानांकडे विनंत्यांचा ढीग पडलेला असतो. सारागोसा, वायादोलिद, मुर्सिया अशा शहरांत उत्तर येण्याची शक्यता जास्त. ग्रानादा विद्यापीठाचं गाव असल्याने तिथेही बरं जमतं.

आता अडचणी. बहुतेक तरुण यजमान भाड्याच्या सामायिक फ्लॅटमध्ये राहतात. घरातल्या बाकीच्यांना विचारलंय ना, याची खात्री आधीच करून घ्या. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी अवघडल्यासारखं होतं. किल्ली मिळेल असं धरू नका. यजमान सकाळी आठला कामावर निघाला की तुम्हालाही बॅगेसकट निघावं लागतं. अशा वेळी मोठ्या स्टेशनांवरच्या ‘कोन्सिग्ना’त, म्हणजे सामान ठेवण्याच्या लॉकरमध्ये, दिवसाचे काही युरो जातात. ते हिशेबात धरा. स्वतःची चादर किंवा पातळ स्लीपिंग बॅग आणि टॉवेल न्या. रात्रीचं जेवण तिथे साडेनऊ-दहाला असतं, तेव्हा ‘दमलोय, झोपतो’ म्हणून नऊला आडवं होणं बरं दिसत नाही. यजमानाने घर उघडलंय ते माणूस भेटावा म्हणून. एक संध्याकाळ पूर्ण त्याच्यासाठी ठेवता येत नसेल तर सरळ हॉस्टेल घ्या.

शेवटचं, दहा दिवसांत पाच शहरं जास्त होतात. बार्सिलोना वेगळ्या खेपेसाठी ठेवा. पाचांत तेच सगळ्यात महाग आहे, शिवाय तिथे हॉस्टेलच्या दरावर रात्रीमागे पर्यटक कर वेगळा पडतो.

प्रश्न: मी कोल्हापूरहून जाणार आहे. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) अर्जात राहण्याचा पत्ता म्हणून काउचसर्फिंगचा यजमान दाखवला तर चालतं का?

नुसतं त्याचं नाव आणि ईमेल चालत नाही. खासगी घरी राहणार असाल तर स्पेनला ‘कार्ता दे इन्वितासियोन’ लागतं. हे निमंत्रणपत्र यजमानाला स्वतः नॅशनल पोलिसांच्या ठाण्यात अर्ज करून, फी भरून काढावं लागतं. त्यात तुमचं-त्याचं नातं विचारतात. मिळायला बरेच दिवस लागतात आणि मूळ प्रत तुमच्याकडे पाठवावी लागते. जवळचा नातेवाईक हे करेल, ऑनलाइन ओळख झालेला माणूस करणार नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये.

त्यामुळे भारतातून जाणाऱ्याने सगळ्या रात्रींचं खरं हॉस्टेल बुकिंग करून तेच जोडावं. एजंट काही रुपयांत ‘डमी बुकिंग’ देतात, त्यांच्या नादी लागू नका. वकिलातीने हॉस्टेलला विचारलं की ते उघडं पडतं आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जाला चिकटतो. काउचसर्फिंगची ओळख तुम्ही चहा-कॉफीला भेटण्यासाठी, कुणी शहर दाखवत असेल तर त्यासाठी वापरा.

पैशांचा पुरावा स्पेन काटेकोरपणे बघतं. ही रक्कम तिथल्या किमान वेतनाशी बांधलेली आहे. २०२५ साठी ती माणशी दिवसाला ११८.४० युरो, आणि मुक्काम कितीही छोटा असला तरी किमान १,०६५.६० युरो होती. एवढे खर्च करायचे नसतात, आहेत हे दाखवायचं असतं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. व्हिसाची फी जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, पण मे-जूनच्या गर्दीत अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून दोन-अडीच महिने हातात ठेवा.

जर्मनी, फ्रान्स किंवा दुसऱ्या शेंगेन देशाचं निवास कार्ड असलेल्या विद्यार्थ्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. पासपोर्ट आणि कार्ड, दोन्ही मूळ प्रती सोबत हव्यात. इंग्लंड आणि आयर्लंड मात्र शेंगेनमध्ये नाहीत. लंडन-डब्लिनला शिकणाऱ्यांना व्हिसा काढावाच लागतो.

प्रश्न: संग्रहालयांची तिकिटं मिळून शंभर युरोंच्या वर जातात. काय गाळावं?

गाळण्याआधी तुमचं वय आणि ओळखपत्र बघा. १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना माद्रिदच्या प्रादो आणि रेना सोफिया संग्रहालयांत फुकट प्रवेश आहे, मग ते कोणत्याही देशाचे असोत. अडतं ते ओळखपत्रावर. आपल्याकडच्या पुष्कळ कॉलेजांच्या कार्डावर मुदत छापलेली नसते किंवा मजकूर मराठीत असतो, आणि खिडकीवरचा माणूस ते घेत नाही. चालू वर्षाचं आयएसआयसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र, काढलं तर हा वाद होत नाही.

वय उलटलं असेल तर घड्याळ सांभाळा. प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८, रविवारी ५ ते ७ फुकट असतं. रांग तासभर आधीच लागते. दोन तासांत सगळं बघायला धावू नका. बेलास्केसचं ‘लास मेनिनास’ आणि गोयाची काळी चित्रं एवढं ठरवून गेलात तरी संध्याकाळ भरून जाते. पिकासोचं ‘गेर्निका’ रेना सोफियात आहे. तिथे फुकट वेळ सोमवारी आणि बुधवार ते शनिवार रात्री ७ ते ९, मंगळवारी बंद. माद्रिदच्या राजवाड्याच्या फुकट वेळा युरोपीय आणि लॅटिन अमेरिकी नागरिकांसाठी, तसंच युरोपीय संघात वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांसाठी आहेत. भारतातून आलेल्या पर्यटकाने त्या रांगेत वेळ घालवू नये.

कोर्दोबाच्या मेस्कीतासाठी, म्हणजे पूर्वी मशीद असलेल्या कॅथीड्रलसाठी, एक रात्र कोर्दोबातच काढा, असं आम्ही आग्रहाने सांगू. सोमवार ते शनिवार सकाळी ८:३० ते ९:३० प्रवेश फुकट असतो आणि त्या वेळी गटांना आत सोडत नाहीत. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी आणि मधल्या आठशेहून जास्त खांबांच्या रांगा त्या शांततेत दिसतात तशा अकरा वाजता दिसत नाहीत. सेवियाच्या अल्कासार राजवाड्याला सोमवारी शेवटच्या तासाला फुकट प्रवेश आहे, पण जागा ऑनलाइन आधी राखावी लागते, त्याचा एक युरो पडतो आणि त्या जागा लवकर संपतात. बार्सिलोनाचं पिकासो संग्रहालय महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. तिथेही आधी नोंदणी लागते.

प्रश्न: ग्रानादाच्या अल्हांब्रा या किल्ला-राजवाड्याचं तिकीट काढलं, पण ‘नास्रिद पॅलेस त्यात नाही’ असं मित्र म्हणतो. फसलो का?

तुम्ही बहुधा बागा, हेनेरालिफे (उन्हाळी महाल) आणि अल्कासाबा (किल्ला) यांचं स्वस्त तिकीट काढलंत. ते खोटं नाही, पण लोक ज्यासाठी ग्रानादाला जातात ते नास्रिद महालांतलं सिंहांचं अंगण आणि कोरीव छतांची दालनं त्यात येत नाहीत. ‘हेनेराल’ असं लिहिलेलं तिकीट हवं होतं. ते आता मिळतंय का, हे अधिकृत साइटवर रोज बघत राहा. रात्रीच्या वेळेचं नास्रिद महालांचं वेगळं तिकीटही असतं, ते कधी कधी शिल्लक सापडतं.

तिकीट पासपोर्टवरच्या नावाशी जुळायला हवं. आडनाव आणि नाव उलटसुलट झालं तर दारात खोळंबा होतो. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, तो एकाहून जास्त ठिकाणी तपासतात. नास्रिद महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की आत सोडत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. मुख्य प्रवेशद्वारापासून महालांपर्यंत पंधरा मिनिटांची चाल आहे, म्हणून वेळेच्या अर्धा तास आधी डोंगरावर असा. तिकीट हातात असेल तर खालच्या न्याय दरवाजातून थेट वर येता येतं, ते जवळ पडतं. मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही.

काहीच तिकीट मिळालं नाही तरी न्याय दरवाजा आणि कार्लोस पाचव्याच्या राजवाड्याचं गोल अंगण बिनातिकीट बघता येतं. मग समोरच्या अल्बाइसिन या जुन्या वस्तीत सान निकोलासच्या चौकात जा. तिथून मागे बर्फाचा सिएरा नेवादा आणि पुढे अख्खा अल्हांब्रा दिसतो. चौकात आणि खाली कॅथीड्रलजवळ रोझमेरीची काडी हातात कोंबणाऱ्या बायका भेटतात. हात पुढे करूच नका, घेतली की पैसे मागतात.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. रोज ब्रेड-बटाट्यावरच राहावं लागेल का?

नाही, पण विचारून खावं लागेल. तिथे ‘मांस नको’ म्हटलं तर खामोन, म्हणजे मुरवलेलं डुकराचं मांस, पुष्कळदा त्यात धरत नाहीत. साध्या सॅलडमध्ये टूना मासा येतो, मसूर आणि चवळीच्या रश्श्यात चोरिसो सॉसेज असतं. म्हणून ऑर्डर देतानाच एकेक नाव घ्या: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतून, सिन वेवो’. मांस, खामोन, टूना, अंडं, काहीच नको.

तुमच्यासाठी खरे पदार्थ असे: टोमॅटो चोळलेला पाव, गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सूप, पिमिएन्तोस दे पाद्रोन या तळलेल्या छोट्या मिरच्या, सेवियाचा पालक-चणे रस्सा, कोर्दोबाची काकवी घातलेली वांग्याची भजी (पिठात अंडं आहे का ते विचारा). कोर्दोबाचंच सालमोरेखो हे टोमॅटो-पावाचं थंड सूप घट्ट आणि पोटभरीचं, पण वरून अंडं-खामोन भुरभुरतात, ते आधीच बंद करायला सांगा. पातातास ब्रावास या तळलेल्या बटाट्यांवर आयोली हा अंड्याचा लसूण-सॉस येऊ शकतो.

ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट येतो. सांगायचा नसतो, बारवाला स्वतःच आणतो, आणि दुसऱ्या पेयाबरोबर सहसा वेगळा आणतो. दारू घेतलीच पाहिजे असं नाही. बहुतेक ठिकाणी ‘मोस्तो’ हा द्राक्षाचा रस मागितला तरी तापा येतो. पण शाकाहारी असल्याचं पेय सांगतानाच सांगायचं, बशी समोर आल्यावर नाही.

मांसाहारी वाचकांसाठी: कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या. साधारण १२ ते १५ युरोंत दोन पदार्थ, पाव, पेय आणि गोड किंवा कॉफी. दीड ते साडेतीन ही वेळ. चारनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती साडेआठ-नऊपर्यंत, आणि नेमक्या त्या वेळात भुकेजलेले पर्यटक महागड्या चौकात जाऊन बसतात. सुपरमार्केट रविवारी बहुधा बंद, त्यामुळे शनिवारीच खरेदी करा. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे.

प्रश्न: मेट्रो आणि रेल्वेची तिकिटं नेमकी कशी काढावीत?

माद्रिदमध्ये लाल ‘मुल्ती’ कार्ड घेऊन त्यावर दहा फेऱ्या भरा. दोघा-तिघांना एकच कार्ड आळीपाळीने लावता येतं. मेट्रोने विमानतळावर जाता-येताना वरून ३ युरो पडतात. आवेनिदा दे आमेरिकाहून सुटणाऱ्या २०० नंबरच्या साध्या बसला ते पडत नाहीत. बार्सिलोनाचं ‘ते-काझुआल’ हे दहा फेऱ्यांचं तिकीट मात्र एकट्यापुरतं आहे. ते विमानतळाच्या मेट्रो स्टेशनांवर चालत नाही, रोदालियेस लोकल आणि ४६ नंबरच्या बसला चालतं.

शहराशहरांमधल्या जलद गाड्यांत रेन्फे या सरकारी रेल्वेशिवाय ऊइगो आणि इर्यो या कंपन्याही आहेत, त्यामुळे तीन-चार आठवडे आधी भाव खूप खाली असतात. रेन्फेच्या साइटवर परदेशी कार्ड कधी कधी नाकारलं जातं. दुसरं कार्ड किंवा अ‍ॅप वापरून बघा. जलद गाड्यांना सामानाची तपासणी असते, अर्धा तास आधी पोचा. माद्रिद-ग्रानादा बसने पाच तासांच्या आसपास लागतात, भाडं कमी. एटीएम आणि कार्ड मशीन ‘रुपयांत आकारू का’ विचारतं तेव्हा नेहमी युरो निवडा. रुपयाचा दर वाईट असतो.

प्रश्न: मुलगी एकटी जाणार आहे. अनोळखी घरात राहणं सुरक्षित आहे का? — एक आई, नाशिक

काळजी रास्त आहे. आमचं मत असं, की पहिल्याच प्रवासात एकट्या मुलीने फक्त बायकांच्या किंवा जोडप्यांच्या घरी राहावं, आणि तेही त्या घराबद्दल एकट्या आलेल्या बायकांनी लिहिलेले अभिप्राय किमान आठ-दहा असतील तरच. ‘छान माणूस’ एवढाच अभिप्राय पुरेसा नाही. झोपायची जागा वेगळी होती का, हे त्यात सापडायला हवं. फक्त मुलींनाच होकार देणारी प्रोफाइल सोडून द्यावी. पहिली भेट दिवसा, बाहेर कॅफेत. पूर्ण पत्ता आणि फोन नंबर घरी पाठवलेला असावा. आणि एका रात्रीच्या हॉस्टेलचे पैसे नेहमी वेगळे ठेवलेले असावेत, म्हणजे मन मानत नसेल तर कारण न देता निघता येतं. बार्सिलोनाची मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री बाराला बंद होते, माद्रिदची दीडला. परतीचा हिशेब त्यावर ठेवावा. आपत्कालीन नंबर ११२.

प्रश्न: यजमानासाठी साताऱ्याचे कंदी पेढे किंवा हापूस न्यावेत का?

दोन्ही नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. शेंगदाण्याची चिक्की (तूप नसलेली), चहाचा मसाला किंवा थालीपिठाची भाजणी न्या. भाजणीत तिथे मिळणारा कांदा आणि ऑलिव्ह तेल चालतं, त्यामुळे एका संध्याकाळचं जेवण तुम्हीच घालू शकता. पाकिटावर इंग्रजीत घटक लिहिलेले असू द्या.