कोकणात खाडीकाठचे पांढरे बगळे वेगवेगळे कसे ओळखायचे?
आधी चोच, मग पायाची बोटं बघा. चोच काळी, पाय काळे आणि बोटं पिवळी असली की तो लहान बगळा. चिखलात बोटं दिसत नाहीत, मग तो उडेपर्यंत थांबायचं. पिवळी चोच, आखूड मान आणि गुरांच्या मागे फिरतोय, तर गायबगळा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचं डोकं केशरी होतं.

खरा घोळ मध्यम आणि मोठ्या बगळ्यात. लांबून उंचीवर विसंबू नका, जबड्याची रेघ (चोचीच्या कोपऱ्यातून डोळ्याकडे जाणारी) बघा: डोळ्याच्या मागे गेली तर मोठा, डोळ्याखालीच संपली तर मध्यम. विणीच्या दिवसांत दोघांचीही चोच काळी पडते, तेव्हा रंगावर तर मुळीच जाऊ नका.

खडकांवर पांढऱ्या गळ्याचा राखाडी बगळा दिसला, तर तो समुद्र बगळा. त्याचं पांढरं रूपही असतं, पण चोच जाडसर, पिवळट-तपकिरी.