मोह आवरत नाही, तो स्वभाव की मेंदूतलं रसायन?

तुम्ही विचारलंय की संयम सुटतो तो स्वभावाने की रसायनांमुळे. मी डॉक्टर नाही, पण हे घरात बघितलंय.

बाबा म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीचाही हिशेब वहीत मांडणारा माणूस. पार्किन्सन्स म्हणजे कंपवात निघाला, प्रॅमिपेक्सोलच्या गोळ्या सुरू झाल्या, कंप कमी झाला. काही महिन्यांनी गादीखाली लॉटरीच्या तिकिटांची चवड सापडली. आईने विचारलं, "अहो, हे काय?" तर म्हणे, "अगं, आता लागेलच." ओशाळले, आणि दुसऱ्या दिवशी परत स्टॉलवर.

मग मी वाचत सुटलो. या आजारात डोपामिन हे मेंदूत निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात, पण सगळीकडे सारख्या नाही. हालचाली सांभाळणाऱ्या भागाला आधी झळ बसते, ओढ लावणारा भाग बराच शाबूत राहतो. बाबांची गोळी डोपामिनची नक्कल करते आणि दोन्हीकडे पोचते. कोरड्या शेतात पाणी येतं आणि भरल्या विहिरीतही.

डोपामिनला सरसकट 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते मला पटत नाही. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत अनपेक्षित रस मिळाला की या पेशी जोरात चालायच्या आणि ठरलेला रस आला नाही की क्षणभर गप्प व्हायच्या. त्या गप्प होण्यातूनच मेंदू 'पुरे' शिकतो. गोळी मात्र डोपामिनची जागा सतत दाबून धरते, त्यामुळे ती शांतता ऐकूच जात नाही, असं बऱ्याच संशोधकांचं स्पष्टीकरण आहे. जिंकलेलं कळतं, हरलेलं कळत नाही. (सेरोटोनिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचाही वाटा आहे. ते कमी पडलं की प्राण्यांना वाट बघवत नाही.)

तरी सगळं रसायनावर ढकलू नका. 2010 साली छापून आलेल्या पार्किन्सन्सच्या 3,090 रुग्णांच्या अभ्यासात डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं आवरेना. न घेणाऱ्यांत हे प्रमाण 6.9 टक्के होतं. म्हणजे बहुतेकांना काही झालं नाही. घराण्यात जुगाराचा इतिहास असलेल्यांत त्रास जास्त दिसला. आमचे आजोबा पत्ते खेळायला बसले की दोन दोन दिवस उठायचे नाहीत.

डॉक्टरांनी विचारल्यावर बाबा "काही नाही" म्हणाले होते. आईने तिकिटं टेबलावर ठेवली तेव्हा कुठे डोस हळूहळू उतरवला. गोळी आपली आपण एकदम बंद करायची नसते, त्याचे वेगळे हाल होतात. दोनेक महिन्यांत स्टॉल सुटला. कंप थोडा परत आलाय, म्हणून चहाचा कप आम्ही अर्धाच भरतो.